बॅग सोडून द्या : सोलापुरातल्या सराफ आणि दुकानदार बांधवांना खुलं पत्र

सर्व सराफ, दुकानदार आणि व्यापारी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

परवाच्या बैठकीत मी मागच्या रांगेत बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. कोयता घेऊन दुकानात शिरलेल्या दोघांशी झटापट करून ज्या मुलानं गल्ला वाचवला, त्याचा शाल आणि अकरा हजार रुपये देऊन जाहीर सत्कार करायचा असं टाळ्यांच्या गजरात ठरलं. प्रत्येक दुकानात काउंटरखाली एक काठी आणि तिखटाची पुडी ठेवायची, हेही ठरलं. एक अण्णा म्हणाले, ‘पोरांना सांगून ठेवा, भ्यायचं नाही, हाणायचं.’ तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण बोलायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं, आणि ते चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून लिहिते आहे.

त्या मुलाबद्दल मला माया आहे. बावीस वर्षांचा आहे, घरी आई आहे. कोयता शटरच्या पट्टीवर आदळला म्हणून तो आज आपल्यात आहे. हे बैठकीत कुणी बोललं नाही.

बारा वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात माझ्या दुकानावर तिघं आले. मार्गशीर्षातला गुरुवार होता, दिवसभर बायकांची गर्दी झालेली. साडेआठ वाजले होते, अर्धं शटर खाली होतं, आणि मी शोकेसमधले ट्रे मोजून तिजोरीत ठेवत होते. मागे पाटावर मामा बसले होते. ते माझे सख्खे मामा नव्हेत. वडिलांच्या काळापासूनचे कारागीर, पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. खडा बसवावा तर त्यांनीच. अंगठी डोळ्यांजवळ धरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये खडा पेलून, श्वास रोखून ते काटे दाबायचे.

तिघांच्या डोक्यांवर हेल्मेट. एकाकडे कट्टा, एकाकडे कोयता, तिसऱ्याकडे पोतं. माझ्या मांडीवर दुरुस्तीला आलेल्या दागिन्यांची बॅग होती, साधारण चौदा तोळे. त्या वेळच्या भावानं चार लाखांच्या आसपास. पण ते सोनं माझं नव्हतं. कुणाचं मंगळसूत्र, कुणाच्या पाटल्या, एका म्हातारीची बोरमाळ. त्यांनी बॅग ओढली आणि मी पट्टा सोडला नाही. कोयता माझ्यावर उचलला गेला आणि मध्ये मामांचा हात आला.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. ते तिघं दोन ट्रे घेऊन पळाले. बॅग माझ्याकडेच राहिली.

अकराव्या दिवशी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो, फोटोखाली ‘रणरागिणी’ असा शब्द. मामा तेव्हा सिव्हिलमध्ये होते. मी ती शाल घेतली. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, हे आजही सलतं.

पुढे भरपाईसाठी वकिलांकडे गेलो. त्यांनी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातला तक्ता दाखवला. कोणता अवयव गेला की कमावण्याची ताकद किती गेली, ते त्यात टक्क्यांत लिहिलेलं होतं. पूर्ण तर्जनी १४ टक्के, पूर्ण मधलं बोट १२ टक्के. मामा शेजारीच बसले होते. त्यांनी तो कागद हातात घेतला, वाचला, आणि काही न बोलता परत दिला. खडे बसवणाऱ्या माणसाचं त्या दोन बोटांत सगळं असतं. त्यांचा पाट मी अजून हलवलेला नाही, पण त्यावर कुणी बसत नाही.

मी पट्टा का सोडला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लोकांना ते धाडस वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात शौर्य-बिर्य काही नव्हतं. डोळ्यांपुढे त्या म्हातारीचा चेहरा होता. ‘माझी बोरमाळ कुठाय?’ असं ती विचारेल आणि मला उत्तर देता येणार नाही, ही एकच भीती होती. ती कट्ट्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली, कारण कट्टा मी पहिल्यांदाच पाहत होते आणि लोकांपुढे खाली मान घालणं काय असतं ते मला आधीपासून माहीत होतं.

आता हाच विचार आपल्या नोकराच्या जागी उभं राहून करा. बारा-चौदा हजारांवर काम करणारा मुलगा गल्ल्याला का बिलगतो? दुकान लुटलं गेलं की पहिला प्रश्न काय येतो ते त्याला ठाऊक असतं. ‘हा नोकर कधीपासून आहे? कुठला आहे? याचे मित्र कोण?’ पोलीस विचारतात तो त्यांच्या कामाचा भाग झाला. पण आपणही विचारतो. लूट झाल्यावर नोकराचा तीन-तीन महिन्यांचा पगार अडकवून ठेवणारे मालक मी पाहिले आहेत. ‘यानंच टीप दिली असेल’ असं त्याच्यासमोर बोललेलं ऐकलं आहे. तो मुलगा आपल्या गल्ल्यासाठी लढत नाही, आपल्या नावावर डाग येऊ नये म्हणून लढतो. ती वेळ आपणच त्याच्यावर आणतो आणि मग त्याच्या खांद्यावर शाल टाकतो.

म्हणून माझी पहिली मागणी काठीची नाही, कागदाची आहे. प्रत्येक दुकानदारानं आपल्या प्रत्येक माणसाला लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं : ‘हत्यार दाखवून लूट झाली तर जे मागतील ते देऊन टाकायचं, हा माझा हुकूम आहे. जे जाईल त्याचा एक रुपयाही तुझ्या पगारातून कापणार नाही, तुला कामावरून काढणार नाही, आणि नुसत्या अंदाजावर तुझ्यावर संशय घेणार नाही.’ मी असं पत्र माझ्या चौघांना दिलं आहे. नवीन लागलेल्या मुलीनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘अक्का, खरंच ना?’ तिचा चेहरा बघून मला कळलं की हा कागद बारा वर्षं आधी निघायला हवा होता.

बैठकीत कुणीतरी म्हणालं की कायदाच मारायची परवानगी देतो. बरोबर आहे, कायदा आपल्या बाजूनं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ हे सगळं स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहे. आधी हेच दंड संहितेत ९६ ते १०६ होतं. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो, हे कलम ३८. जबरी चोरी होत असेल तर मालमत्तेच्या बचावातही हा हक्क तिथपर्यंत जातो, हे कलम ४१. अंगावर चालून आलेल्या माणसापुढे किती जोरानं मारलं याचा हिशेब सोन्याच्या तराजूत करता येत नाही, असं आपल्या न्यायालयांनी अनेक निकालांत मानलं आहे. आपण काट्यावर मिलिग्रॅम बघणारी माणसं, आपल्याला ती उपमा लगेच समजते. मात्र कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पळणाऱ्याला गाठून, खाली पाडून दहा जणांनी तुडवलं तर तो बचाव राहत नाही, गुन्हा होतो.

पण हक्क आहे म्हणून तो त्या मिनिटाला वापरायलाच हवा असं नाही. आपल्या दुकानाची जागा आठवा. काउंटर आणि भिंत यांच्यात दोन-अडीच फूट. तिथं काठी फिरत नाही, कोयता फिरतो. तिखटाचं म्हणाल तर हेल्मेटची काच खाली घेऊन आलेल्याच्या डोळ्यांत ते जाणार कसं? पंखा चालू, एसीमुळे दार बंद, ते आपल्याच गिऱ्हाइकाच्या आणि पोरांच्या डोळ्यांत जाणार. काहीजण पिस्तुलाच्या परवान्याचं बोलत होते. परवाना मिळेलही. पण ते पिस्तूल ड्रॉवरमध्ये असणार आणि समोरच्याचं हातात असणार, अंतर काउंटरच्या रुंदीचं. ड्रॉवरकडे हात गेला की त्याला कारण मिळालं. ‘कट्टा खोटा असेल तर?’ असंही विचारलं गेलं. असेल. ते कळायला एकच मार्ग आहे आणि तो कुणी आपल्या मुलावर करून बघू नये. गावठी कट्टा खरा असेल तर झटापटीत चालवणाऱ्याच्या मनात नसतानाही उडू शकतो.

मग त्या मिनिटांत करायचं काय? मामांनी आणि मी जे भोगलं, आणि नंतर जे विचारून-विचारून शिकले, ते सांगते.

हात दिसतील असे ठेवा. हलायच्या आधी बोला : ‘चावी कमरेला आहे, काढतोय.’ ‘ट्रे खालच्या खणात आहे, वाकतोय.’ तो आपल्याइतकाच घाबरलेला असतो. अचानक वाकणारा माणूस त्याला हत्यार काढणाराच वाटतो. वाद घालू नका, भीक मागू नका, दटावू नका. ते आत असताना सायरन वाजवू नका आणि बाहेरून शटर तर कुणीच ओढू नये. चोर आत कोंडला की दुकानातला प्रत्येक माणूस त्याच्यासाठी ओलीस होतो. बाहेरचे शेजारी उत्साहानं नेमकं हेच करतात, म्हणून शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. चोरांना लवकर बाहेर पडू द्या. वाट मोकळी ठेवणं हासुद्धा बचावच आहे.

या वेळात डोळ्यांना काम द्या. टक लावून बघायचं नाही, पण बूट बघा, डावखुरा आहे का बघा, बोलणं मराठी, कन्नड, हिंदी की आणखी कुठलं ते ऐका. मी माझ्या दाराच्या चौकटीला आतून पाच, साडेपाच आणि सहा फुटांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. बाहेर पडताना डोकं कुठल्या पट्टीपाशी आलं ते सांगितलं की उंचीचा अंदाज करत बसावं लागत नाही. खर्च दहा रुपये.

आणि लढायचं कधी, तेही सांगते, कारण ‘कधीच लढू नका’ असं मी म्हणत नाही. माल घेऊनही ते थांबले, कुणाला आतल्या खोलीत न्यायला लागले, बांधायला लागले, एखाद्या मुलीवर हात टाकला, किंवा मागितलेलं सगळं देऊनही वार सुरू झाले, तर गोष्ट सोन्याची उरली नाही. तेव्हा हाती लागेल ते घ्या. स्टूल, काटा, आग विझवायचं सिलिंडर. सगळ्यांनी एकदम ओरडा, दाराकडे धावा, त्याला पाडायच्या नादात आत अडकू नका. मारायचं ते सुटण्यासाठी. कलम ३८ नेमकं त्या वेळेसाठी आहे.

मालाचा बचाव आदल्या दिवशी करायचा असतो. बँकांसारखं वेळेचं कुलूप तिजोरीला बसवा आणि दारावर ठळक अक्षरांत लिहा की तिजोरी ठरावीक वेळेआधी आमच्याच्यानंही उघडत नाही. उघडताना आणि बंद करताना एकानं रस्त्यापलीकडे उभं राहून दोन्ही बाजू बघाव्यात. माझ्याकडे तिघं आले तेव्हा अर्धं शटर खाली होतं, बाहेर कुणी नव्हतं. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवू नका. चोर जाताना तो उपटून नेतात आणि मग शेजारच्या दुकानाच्या फुटेजवर विसंबावं लागतं. वरच्या मजल्यावर, कपाटात, कुठेही ठेवा, आणि चित्रीकरण मोबाइलवरही साठेल अशी सोय करा. सोनं दुचाकीच्या डिकीत घालून रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं घरी नेणं आजच्या आज बंद करा. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून पाच-सहा तोळ्यांच्या डबीसाठीही माणूस मागावर राहू शकतो.

विम्याचंही बघा. दुकानातल्या मालाची पॉलिसी बहुतेकांकडे आहे, पण अटी किती जणांनी वाचल्या आहेत? दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर राहिलेला माल सहसा त्यात धरत नाहीत. आणि माणसांचा विमा? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. ती निदान प्रत्येकाची असावी. पण मामांसारखी दोन बोटं गेली तर त्यात काही मिळत नाही, म्हणून त्यावर थांबू नका, नोकरांसाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या. आपण बोरमाळेचा विमा काढतो आणि ती घडवणाऱ्याचा नाही, हे मला आता बघवत नाही.

चोर गेल्यावरची दहा मिनिटं फार मोलाची. पाठलाग करू नका. शटर आतून लावून आधी कुणाला लागलं आहे का बघा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर उचलून ठेवा, काही रुतलं असेल तर उपसू नका. त्याच वेळी दुसऱ्यानं ११२ लावायचा. गाडी कुठली, गेली कुठल्या दिशेनं, किती जण, एवढंच आधी सांगा. विजापूर रस्त्यानं निघालेला माणूस तासाभराच्या आत भीमा ओलांडून कर्नाटकात असतो, हैदराबादचा महामार्गही शहरातूनच फुटतो. नाकाबंदी लागायची असेल तर ती त्या पहिल्या फोनवर लागते. मी त्या रात्री आधी भावाला फोन केला, मग नवऱ्याला, मग ओळखीच्या एका पुढाऱ्याला. पोलिसांना चौथा.

काउंटरला हात लावू नका. आणि एकमेकांत चर्चा करण्याआधी प्रत्येकानं वेगळ्या कागदावर काय पाहिलं ते लिहावं. एकदा गप्पा सुरू झाल्या की सगळ्यांना सगळ्यांचं आठवायला लागतं, मग खरं कुठलं ते कोर्टातही कळत नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. माल सापडला तर तो आपलाच हे दाखवायला स्टॉकबुकात फोटो, वजन आणि हॉलमार्कचा सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहेच, फक्त आपण तो वहीत उतरवत नाही.

आता एक कडू गोष्ट. हे चोर सोनं खात नाहीत, विकतात. कुणाला? आपल्यातल्याच कुणाला तरी. बिल नाही, ओळखपत्र नाही, भावापेक्षा स्वस्त, म्हणून घाईनं घेतलेली लगड कुणाच्या तरी गळ्यातली असते. चोरीचा माल माहीत असून घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, पण मी गुन्ह्यापेक्षा वेगळं सांगते आहे. माझ्या दुकानातले ते दोन ट्रे कुठंतरी वितळवले गेले. वितळवणाऱ्यानं त्या दिवशी नाही म्हटलं असतं, तर पुढच्या दुकानात जायला त्यांना काही कारण उरलं नसतं. काठीवर ठराव झाला, यावर का झाला नाही?

बैठकीत हुतात्म्यांचंही नाव निघालं. ‘हे हुतात्म्यांचं गाव आहे, इथला माणूस भीत नाही.’ मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. त्यांनी जीव दिला तो देशासाठी. माझ्या चौदा तोळ्यांसाठी त्यांचं नाव घेऊ नका, आणि एखाद्या पोराला त्यांच्या नावानं कोयत्यापुढे ढकलू नका.

म्हणून विनंती. त्या मुलाला शाल जरूर द्या, तो जिवंत घरी गेला म्हणून द्या. व्यासपीठावरून ‘लढलास’ म्हणू नका, ‘वाचलास’ म्हणा. ते अकरा हजार त्याच्या विम्याला लावा. काठ्या आणि तिखटाचा ठराव मागे घ्या. त्याऐवजी वर्षातून दोनदा सराव ठेवू. एकदा सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आधी, एकदा दिवाळीच्या खरेदीआधी. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला बोलावू, आणि मालकांबरोबर काउंटरवर उभी राहणारी पोरं-पोरी पुढच्या रांगेत बसतील असं बघू.

पहिला सराव माझ्या दुकानात. येत्या रविवारी दुपारी तीन ते पाच मी शटर अर्ध्यावर ठेवणार आहे, त्या रात्रीसारखंच. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘अक्का, मी येतो. बॅग कशी सोडायची ते मी दाखवतो.’ ते त्यांच्या जुन्या पाटावर बसणार आहेत. प्रत्येक दुकानातून दोन माणसं पाठवा आणि त्यांच्या हातात ते सही केलेलं पत्र असू द्या.

आपली,
जुळे सोलापुरातली एक सराफ